मद्याचा महसूल आणि व्यसनमुक्तीची जबाबदारी

अर्थखाते स्वतःकडे ठेवणारे कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी ७ मार्च २०२५ रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडला. २०२५-२६ या वर्षासाठी अबकारी महसुलाचे उद्दिष्ट त्यात ४० हजार कोटी रुपये ठरविण्यात आले. आदल्या वर्षीचे उद्दिष्ट ३८ हजार ५२५ कोटींचे होते. याच अधिवेशनात विरोधी बाकांवरील एका आमदाराने विचित्र मागणी केली. महिलांना दरमहा दोन हजार रुपये देता, तर पुरुषांना आठवड्याला मद्याच्या दोन बाटल्या फुकट द्या, असे त्यांचे म्हणणे होते. या मागणीवर टीका झाली आणि ती योग्यच होती. मात्र तिच्यामागचा हिशेब सहजासहजी बाजूला सारता येण्यासारखा नाही. एका हाताने घरातील स्त्रीला दिलेली रक्कम दुसऱ्या हाताने त्याच घरातील पुरुषाकडून वसूल होत असेल, तर त्या घराच्या पदरात नेमके काय पडले, हा प्रश्न उरतोच.

कर्नाटकात राज्य शासन मद्यावर केवळ कर घेत नाही. २००३ पासून मद्याचा घाऊक व्यापार कर्नाटक राज्य पेय महामंडळ या सरकारी कंपनीच्या हाती आहे. म्हैसूर सेल्स इंटरनॅशनल या दुसऱ्या सरकारी कंपनीची किरकोळ विक्रीची दुकानेही राज्यभर आहेत. मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने, राज्यांना स्वतःच्या मर्जीने वाढविता येतील अशा मोजक्या करांपैकी हा एक कर आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व राज्यापुढे ठेवले आहे. प्रत्यक्षात सत्ताधारी पक्ष कोणताही असो, महसुलाच्या उद्दिष्टाचा आकडा चढताच राहिला. १ जुलै २००७ रोजी कर्नाटकाने अरक, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद केली. तिची जागा कागदी पाकिटांतून मिळणाऱ्या स्वस्त विदेशी बनावटीच्या मद्याने घेतली.

याच राज्याच्या राजधानीत देशातील व्यसनोपचाराची सर्वांत प्रतिष्ठित सार्वजनिक संस्था उभी आहे. बंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था ‘निम्हान्स’ या नावाने ओळखली जाते. म्हैसूर संस्थानाच्या काळातील मनोरुग्णालय आणि १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून २७ डिसेंबर १९७४ रोजी ती अस्तित्वात आली. २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. तिच्या व्यसन वैद्यक केंद्रात कर्नाटकाबरोबरच शेजारच्या आंध्र प्रदेश व तमिळनाडूतूनही रुग्ण येतात. निम्हान्स केंद्र सरकारच्या निधीवर चालते, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागेल. मद्याचा महसूल राज्याचा आणि सर्वोत्तम उपचाराचा खर्च केंद्राचा, अशी ही विभागणी आहे.

महसूल मोठा की नुकसान मोठे, याचा हिशेबही बंगळुरूतच मांडला गेला. निम्हान्सचे डॉ. विवेक बेनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकापुरता केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या व्यक्तींमुळे होणारा प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष खर्च हा मद्यावरील करातून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या तिप्पट असल्याचा निष्कर्ष त्यात होता. राज्याच्या त्यावेळच्या आरोग्यविषयक तरतुदीच्या तर तो कित्येक पट होता. या अभ्यासाला पाव शतक उलटून गेले आहे. दरम्यान महसुलाचा आकडा कित्येक पटींनी वाढला. खर्चाचा असा हिशेब राज्याने स्वतःहून दरवर्षी मांडावा, ही अपेक्षा मात्र अपेक्षाच राहिली.

टाळेबंदीने दाखविलेले चित्र

व्यसन हा स्वभावदोष की आजार, हा वाद वैद्यकशास्त्राने केव्हाच निकालात काढला आहे. समाजमनात तो अजून मिटलेला नाही. मार्च २०२० मध्ये मात्र या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयांच्या दारात उभे राहिले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि मद्याची दुकाने एका रात्रीत बंद झाली. वर्षानुवर्षे रोज मद्यपान करणाऱ्या व्यक्तीचे मद्य अचानक तुटले, तर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांत काही रुग्ण भ्रमावस्थेत जातात. त्यांना स्थळकाळाचे भान राहत नाही, नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात. वेळेवर उपचार न झाल्यास ही अवस्था जिवावर बेतू शकते.

बंगळुरूमधील रुग्णालयांच्या त्या काळातील नोंदींचा अभ्यास २०२० सालीच प्रसिद्ध झाला. मद्य तुटल्यामुळे गंभीर गुंतागुंत होऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या दिवसाला सरासरी ४ होती, ती ८ वर गेली. ही वाढ टाळेबंदीच्या तारखांशी तंतोतंत जुळणारी होती. जे रुग्णालयापर्यंत पोहोचू शकले, त्यांचाच हा आकडा आहे. वाहतूक बंद असताना घरातच तळमळत राहिलेल्यांची नोंद त्यात असणे शक्य नव्हते.

४ मे २०२० रोजी कर्नाटकात दुकाने पुन्हा उघडली. पहिल्या दिवशी ४५ कोटींची आणि दुसऱ्या दिवशी १९७ कोटींची विक्री झाल्याचे सरकारी आकडे तत्काळ जाहीर झाले. दुकानांपुढील रांगांची छायाचित्रे देशभर झळकली आणि त्यावर विनोदांचा पाऊस पडला. त्या रांगांत हौशी मद्यपी होते, तसेच पाच आठवडे आजारी असलेले लोकही होते. विक्री थांबविताना या दुसऱ्या गटासाठी औषधांची आणि खाटांची काय तजवीज करायची, याचा विचार निर्णय घेणाऱ्यांनी आधी केल्याचे दिसले नाही. बिहारने एप्रिल २०१६ मध्ये दारूबंदी केली, तेव्हा त्या राज्यातील सरकारी डॉक्टरांना निम्हान्सकडून व्यसनोपचाराचे प्रशिक्षण मिळाले होते. म्हणजे पूर्वतयारी कशी करावी लागते, हे देशाला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

उपचाराचा पहिला टप्पा तुलनेने सोपा असतो. मद्य तुटल्याचा त्रास आटोक्यात ठेवणारी शामक औषधे, थायमिन या जीवनसत्त्वाची इंजेक्शने, पुरेसे पाणी आणि अन्न, एवढ्यावर बहुतेक रुग्ण आठवड्या-दहा दिवसांत सावरतात. ही औषधे स्वस्त आहेत आणि प्रशिक्षित डॉक्टर असेल, तर जिल्हा रुग्णालयातही ती देता येतात. खरी कसोटी त्यानंतर लागते. रुग्ण घरी परततो तेव्हा तेच मित्र, तेच कर्ज, तोच पगाराचा दिवस आणि तेच कोपऱ्यावरचे दुकान त्याच्यासमोर असते. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिरॅम यांसारखी औषधे काही महिने घ्यावी लागतात आणि त्यांना नियमित समुपदेशनाची जोड द्यावी लागते. कुटुंबालाही सोबत घ्यावे लागते. पुन्हा घसरण झाली तर तो उपचाराचा पराभव मानायचा नसतो. मधुमेहात साखर वाढली म्हणून कोणी रुग्णाला घराबाहेर काढत नाही. तोच न्याय येथेही लागू आहे.

सार्वजनिक व्यवस्था तुटते ती नेमकी या दुसऱ्या टप्प्यावर. रायचूर किंवा बिदरच्या शेतमजुराला बंगळुरूत दाखल करून घेणे एक वेळ शक्य होते. दर महिन्याला रोजगार बुडवून, सोबत नातेवाईक घेऊन, शेकडो किलोमीटरवर तपासणीसाठी येणे त्याला परवडत नाही. रुग्णाने उपचार सोडला, अशी नोंद मग कागदावर होते. उपचारानेच रुग्णाला सोडले, अशी नोंद करण्याची पद्धत नाही.

अडतिसातील एक

या तुटीचे मोजमाप झालेले आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मद्यामुळे उद्भवलेल्या प्रश्नांसाठी मदतीची गरज आहे, असे त्यात आढळले. मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक होता. निम्हान्सने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मद्यविकाराच्या बाबतीत उपचारापासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांवर होते. तंबाखूच्या बाबतीत ते ९१ टक्क्यांच्याही पुढे गेले. बंगळुरूतून संचालित झालेल्या या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत कर्नाटक नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता. कोलार जिल्ह्यात प्राथमिक चाचणी तेवढी झाली होती.

स्त्रियांची स्थिती आणखी वेगळी आहे. २०१९ च्या अहवालानुसार मद्य घेणाऱ्या १७ पुरुषांमागे एक स्त्री आहे. प्रमाण कमी असल्याने बहुतेक केंद्रांची रचना पुरुषांना डोळ्यासमोर ठेवून झाली आणि व्यसनाचा कलंक स्त्रीवर दुप्पट बसत असल्याने ती केंद्राच्या पायरीपर्यंतही क्वचितच येते. पुण्याच्या मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग सुरू केला, तो याच कारणाने.

कायदा या बाबतीत व्यवस्थेच्या पुष्कळ पुढे आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे. कायद्याच्या १८ व्या कलमाने शासनाने चालविलेल्या किंवा शासकीय निधीवर चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींसाठी हा उपचार विनामूल्य असावा, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे व्यसनोपचार ही आता शासनाची कृपा उरलेली नाही. तो मागता येण्याजोगा हक्क आहे.

सार्वजनिक सेवा अपुरी पडते, तेथे खासगी केंद्रे उभी राहतात. त्यांपैकी काही उत्तम आहेत. काही मात्र केवळ कुलूप आणि पहारा यांच्या बळावर चालतात. घरच्यांनी बोलावल्यावर गाडी पाठवून माणसाला उचलून नेणे, महिनोन्महिने कोंडून ठेवणे, मारहाण करणे, अशा तक्रारी देशाच्या अनेक भागांतून वेळोवेळी पुढे आल्या आहेत. नव्या कायद्यानुसार मानसिक आजारावर उपचार करणाऱ्या निवासी केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. रुग्णाला साखळदंडाने बांधणे कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. रुग्णाच्या संमतीविना दाखल करण्याची मुदत पहिल्या वेळी ३० दिवसांची आहे आणि त्यासाठीही वैद्यकीय निकष पूर्ण व्हावे लागतात. नोंदणीविना केंद्र चालविल्यास पहिल्या गुन्ह्याला पाच हजार ते पन्नास हजार रुपयांचा दंड आहे. कोंडून ठेवलेल्या रुग्णांच्या कुटुंबांकडून आगाऊ शुल्क घेणाऱ्या चालकाला तो कितपत जाचेल, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. कुटुंबांनाही सरसकट दोष देणे सोपे नाही. रात्री मारहाण होत असेल आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ नसेल, तर हतबल पत्नी किंवा आई जो पहिला दूरध्वनी क्रमांक हाती लागेल, तो फिरविते.

प्रशासकीय विभागणीनेही गुंता वाढविला आहे. केंद्रात आरोग्य मंत्रालय रुग्णालयांतील व्यसनोपचार पाहते, तर सामाजिक न्याय मंत्रालय स्वयंसेवी संस्थांच्या पुनर्वसन केंद्रांना अनुदान देते. १५ ऑगस्ट २०२० पासून सुरू झालेले नशामुक्त भारत अभियान दुसऱ्या मंत्रालयाचे आहे आणि १४४४६ हा मदत क्रमांकही त्याचाच. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा पहिल्या मंत्रालयाची असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी तिसराच क्रमांक आहे. त्याची केंद्रे २०१८ पासून बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही चालतात. दारू, तंबाखू आणि नैराश्य हे तिन्ही एकाच माणसाला एकाच वेळी ग्रासू शकतात, याचा विसर या रचनेत पडलेला दिसतो.

टेलिमानसचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. निम्हान्स तिचे सर्वोच्च मार्गदर्शक केंद्र आहे, बंगळुरूच्याच आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने तिची तांत्रिक बाजू सांभाळली आहे आणि मराठी व कन्नडसह २० भाषांतून ती चोवीस तास उपलब्ध आहे. लाखो लोकांनी तिचा आधार घेतला. पण दूरध्वनी हे दार आहे. दार उघडल्यावर आत खोली असावी लागते.

जिल्ह्याच्या पातळीवर

ही खोली कशी बांधावी, याचे उत्तरही कर्नाटकानेच एकदा शोधले होते. १९८० च्या दशकात निम्हान्सने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन मानसिक आजारांवर गावाजवळ उपचार करण्याचा प्रयोग केला. १९९६ साली सुरू झालेला देशव्यापी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच बळ्ळारी प्रयोगावर बेतलेला आहे. २०१४ मध्ये राज्याने ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांची सेवा देण्यास सुरुवात केली. कल्पना साधी आणि योग्य आहे. परंतु व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला तज्ज्ञाच्या पाच मिनिटांपेक्षा समुपदेशकाच्या पाऊण तासाची गरज अधिक असते आणि हे मनुष्यबळच तालुक्याच्या ठिकाणी विरळ आहे.

समुपदेशक तज्ज्ञच असावा लागतो काय? गोव्यात झालेल्या एका चाचणीने याचे उत्तर दिले आहे. ‘संगत’ या संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मानसिक आरोग्याचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या, पण या कामासाठी तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकी घेतल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचे मद्यपान धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीच्या सेवेत हे प्रमाण २६ टक्के होते. आधीच्या दोन आठवड्यांत मद्याला स्पर्शही न केलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के होते. हे पुरुष मद्यामुळे अपाय होण्याच्या टप्प्यावर होते, पूर्णपणे आहारी गेलेल्यांना एवढे पुरणार नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागेल. तरीही होसूर रस्त्यावरची रांग निम्म्या वाटेतच कमी करण्याचा हा सिद्ध झालेला मार्ग आहे.

सीमाभागातील मराठी भाषकांसाठी बंगळुरू दूरच आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या रुग्णांना धारवाडची संस्था जवळ पडते. मुंबई इलाख्यापासून चालत आलेल्या मनोरुग्णालयाचेच ते आजचे रूप आहे. समुपदेशन ही भाषेवर चालणारी उपचारपद्धती आहे. औषधाच्या गोळीला भाषा नसते, पण पत्नीला दिलेला त्रास कबूल करणाऱ्या माणसाला ती लागते. त्यामुळे सीमाभागातील आरोग्य केंद्रांत मराठी व कन्नड दोन्ही जाणणारे समुपदेशक असणे ही उपचाराची गरज आहे. तिला भाषिक वादाच्या तराजूत तोलू नये.

महाराष्ट्राची परिस्थिती फार निराळी नाही. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगणची स्थापना केली, तेव्हा पु. ल. देशपांडे यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली होती आणि येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात जागा मिळाली होती. समाजाची देणगी, शासनाची जागा आणि पुढे केंद्राचे अनुदान, अशा मिश्र आधारावर हे काम उभे राहिले. त्याच्या तोडीची केंद्रे प्रत्येक महसूल विभागात शासनाने उभारली, असे चार दशकांत घडले नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कात वाढ केली, तेव्हा वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचे अतिरिक्त उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. किंमत वाढली की मद्यपान काही अंशी घटते, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्या दृष्टीने करवाढ स्वागतार्हच आहे. पण वाढीव रकमेतील ठरावीक हिस्सा उपचाराला बांधून दिला नाही, तर तिला आरोग्यविषयक धोरण म्हणणे कठीण होते.

हिस्सा किती असावा, यावर मतभेद होऊ शकतील. कर्नाटकाच्या ४० हजार कोटींचा एक टक्का म्हणजे ४०० कोटी रुपये. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात टेलिमानससाठी संपूर्ण देशाकरिता ९० कोटींची तरतूद होती. प्रत्येक तालुका रुग्णालयात एक पूर्णवेळ व्यसन समुपदेशक, औषधांचा अखंड पुरवठा आणि घरी परतलेल्या रुग्णाचा किमान एक वर्ष पाठपुरावा, एवढ्या गोष्टी या एका टक्क्यात बसण्यासारख्या आहेत. पाठपुराव्यासाठी लागणारी नोंदव्यवस्थाही नव्याने उभारावी लागणार नाही. जून २०२१ मध्ये राज्याने निम्हान्स व माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘ई-मानस’ ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू केली आहे. घाऊक महामंडळाच्या कोणत्या आगारातून मद्याच्या किती पेट्या बाहेर पडल्या, हे राज्याला ठाऊक असते. त्याच भागातील किती जणांनी उपचार सुरू केला आणि वर्षभरानंतर त्यांपैकी किती जण उपचारात टिकून आहेत, हा आकडाही महसुलाच्या उद्दिष्टासोबत सभागृहापुढे ठेवावा, अशी मागणी दोन्ही राज्यांतील आमदारांना पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनात करता येईल.